पुढचं सॅम्पल येण्याआधी

फोनवर बोलता बोलता पलीकडचा माणूस क्षणभर थांबतो. त्या थांबण्यातही एक हलकी खरखर कानावर येत राहते आणि आपण निर्धास्त असतो. फोन चालू आहे, माणूस तिथंच आहे. ही खरखर पलीकडूनच येतेय असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा तसं नसतं. बोलणारा गप्प झालाय हे त्याच्या फोननं ओळखलेलं असतं आणि बॅटरी वाचावी, इतरांच्या संभाषणाला अडथळा कमी व्हावा म्हणून आवाज पाठवणं थांबवलेलं असतं. अधूनमधून तो एवढंच कळवतो, की माझ्या आजूबाजूचा आवाज साधारण इतका मोठा आणि अशा पोताचा आहे. त्या त्रोटक वर्णनावरून आपल्याच हातातला फोन खरखर तयार करतो आणि आपल्या कानात सोडतो. या क्षेत्रातले लोक तिला ‘कम्फर्ट नॉइज’ म्हणतात.

अचानक पूर्ण शांतता पसरली तर माणूस दचकतो, ‘हॅलो, हॅलो’ करायला लागतो, हे मोबाइल फोनच्या जीएसएम या मानकाचे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. बिट वाचवायचे होते, तरी ऐकणाऱ्याची चलबिचल त्यांनी हिशेबात धरली. रुक्ष तांत्रिक दस्तऐवजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. डिजिटल सिग्नल प्रोसेसर, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘डीएसपी’, आवाजासारख्या लहरींच्या आकड्यांवर काम करणारी चिप, या विषयावर माझा जीव जडला तो अशा जागांमुळे. अतिशय कोरडी वाटणारी आकडेमोड, आणि तिच्या पोटात माणसाचा कान, माणसाची सवय, माणसाचा धीर.

साधा संगणक आणि डीएसपी यांच्यातला फरक विचारला तर बहुतेक पुस्तकं रचनेपासून सुरुवात करतात. मी वेळेपासून करतो. हिशेबाचा तक्ता उघडायला संगणकाला एक सेकंद जास्त लागला तर आपण एक सेकंद थांबतो, तक्ता बरोबरच उघडतो. आवाजाचं तसं नाही. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक नवा आकडा, एक नवं ‘सॅम्पल’, येऊन दारात उभा राहतो. आधीच्या आकड्यावरचं काम तोवर उरकलेलं हवं. नसेल तर कानाला टिचकी ऐकू येते, आवाज तुटतो. उशिरा आलेलं बरोबर उत्तर इथं चुकीचंच असतं. जग थांबत नाही आणि जगाच्या वेगानं मोजायचंय, या एका अटीतून डीएसपीची सगळी रचना आणि सगळा इतिहास निघालाय असं मला वाटतं.

सेकंदाला ८,००० हा आकडा आला कुठून? बोललेलं नीट समजायला साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतच्या लहरी पुरतात. आणि हॅरी नायक्विस्ट (१९२८), व्लादिमीर कोटेलनिकोव्ह (१९३३) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कामातून उभं राहिलेलं प्रमेय सांगतं, की लहरीतल्या सर्वांत वरच्या वारंवारितेच्या दुपटीहून जास्त वेगानं सॅम्पल घेतली तर मूळ लहर त्या ठिपक्यांमधून पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. ठिपक्यांच्या मधली जागा मोकळी सोडूनही काही हरवत नाही. हे मी अनेकदा शिकवलंय, फळ्यावर सिद्ध करून दाखवलंय, तरी दर वेळी मला त्याचं नवल वाटतं. अट मोडली तर मात्र वरच्या वारंवारिता खालच्यांचा वेश घेऊन आत शिरतात आणि मग त्यांना वेगळं काढायला कुठलीही युक्ती उरत नाही. चित्रपटात धावत्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ते याच कारणानं.

या कहाणीतलं सर्वांत दणकट पात्र दुसऱ्या महायुद्धातलं आहे. १९४३ मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात सिगसॅली नावाची गुप्त टेलिफोन यंत्रणा सुरू झाली. बेल प्रयोगशाळेतल्या होमर डडली यांच्या व्होकोडरवर ती उभी होती. बोलणाऱ्याच्या आवाजाचे वारंवारितेनुसार १० पट्टे करायचे, प्रत्येक पट्ट्यात किती ऊर्जा आहे ते मोजायचं, स्वराची उंची वेगळी मोजायची, ती मापं आकड्यांत बदलायची आणि त्यांत ध्वनिमुद्रिकेवर साठवलेले यादृच्छिक आकडे मिसळून पाठवायचे. पलीकडे तीच ध्वनिमुद्रिका अगदी त्याच क्षणाला फिरत असेल तरच बोलणं उलगडणार. एका टोकाच्या यंत्राचं वजन सुमारे ५० टन. लंडनमधलं यंत्र सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानाच्या तळघरात बसवलं होतं.

मला त्या वजनापेक्षा एक दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. सिगसॅली ती मापं दर २० मिलिसेकंदांनी घेत असे. पन्नासेक वर्षांनी, १९९१ मध्ये, जीएसएमचं पहिलं व्यावसायिक जाळं फिनलंडमध्ये सुरू झालं. त्यातला कोडेकही, म्हणजे आवाज कमी बिटांत बसवून पलीकडे पुन्हा उलगडणारा भाग, आवाजाचे २० मिलिसेकंदांचेच तुकडे पाडतो. १६० सॅम्पल आत, २६० बिट बाहेर. खोलीभर कपाटं आणि बोटाच्या नखाएवढी चिप, दोघांचं पाऊल एकच. कारण ते पाऊल यंत्राचं नाहीच. जीभ, ओठ, टाळू यांना एका आकारातून दुसऱ्या आकारात जायला जेवढा वेळ लागतो त्याच्याशी ते जुळतं. त्याहून छोटे तुकडे पाडले तर बिट वाया जातात, मोठे पाडले तर व्यंजनं पुसट होतात. तंत्रज्ञान कितीही पालटलं तरी माणसाचं तोंड त्याच गतीनं हलतंय.

१९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांचा पाच पानांचा लेख आला आणि त्यानं या विद्येचा हिशेबच बदलला. फूरिए यांनी उष्णतेचा अभ्यास करताना मांडलेली कल्पना जुनीच होती: कुठलीही गुंतागुंतीची लहर म्हणजे साध्या लहरींची बेरीज. पण ती बेरीज उलगडायची तर १,०२४ सॅम्पलसाठी दहा लाखांहून अधिक गुणाकार लागत. कूली-ट्युकींच्या पद्धतीनं, जिला आज आपण एफएफटी (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म) म्हणतो, तेच काम पाचेक हजारांत होतं. यामागची गोष्ट अशी, की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या बैठकीत ट्युकी कागदावर काहीतरी मांडत बसले होते आणि शेजारच्या रिचर्ड गार्विन यांच्या ते लक्षात आलं. गार्विनना अणुचाचण्या ओळखण्यात रस होता. दूरवरच्या भूकंपमापकांच्या नोंदींवरून भूकंप कुठला आणि भूमिगत स्फोट कुठला हे वेगळं करायचं तर अशी आकडेमोड भराभर व्हायला हवी. त्यांनी आयबीएममध्ये कूलींना प्रोग्राम लिहायला लावला. खरं कारण मात्र सांगितलं नाही. हेलियमच्या स्फटिकाचा काही प्रश्न आहे एवढंच सांगितलं. पुढं लक्षात आलं, की हीच युक्ती जर्मन गणिती कार्ल गाउस यांनी १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती आणि ती त्यांच्या वह्यांत पडून होती. गाउसना ती हातानं आकडेमोड करायचे कष्ट वाचवायला लागली होती. ती पडून राहिली याची मला हळहळ वाटत नाही. तिच्यावर स्वार होऊन धावेल असं काही तेव्हा जगात नव्हतंच.

पद्धत मिळाली, पण ती चालवणारी चिप यायला आणखी पंधराएक वर्षं गेली. अडलं होतं गुणाकाराशी. आवाज गाळणाऱ्या फिल्टरचं काम अगदी सोपं असतं. ताजं सॅम्पल आणि त्याच्या मागची काही सॅम्पल घ्यायची, प्रत्येकाला ठरलेल्या आकड्यानं गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. पुन्हा नवं सॅम्पल, पुन्हा तेच. गुणा आणि मिळवा, गुणा आणि मिळवा. सुरुवातीच्या मायक्रोप्रोसेसरांना गुणाकाराची आज्ञाच नव्हती, तो सरकवण्या-मिळवण्यातून घडवावा लागे. १९७८ च्या इंटेल ८०८६ मध्ये ती आज्ञा होती, पण १६ बिटांच्या एका गुणाकाराला त्याला सव्वाशेच्या आसपास घड्याळी ठोके लागत. ५ मेगाहर्ट्झवर म्हणजे सुमारे २५ मायक्रोसेकंद. हातात आहेत १२५. पाच गुणाकार केले की वेळ संपली. पाच गुणाकारांचा फिल्टर आवाजात जाणवेल असं फारसं काही करू शकत नाही.

इंटेलनं १९७९ मध्ये २९२० ही चिप काढली. लहर आत घेऊन आकड्यांत बदलणारं आणि आकड्यांची पुन्हा लहर करणारं सर्किट तिच्यातच होतं, पण गुणाकाराचं सर्किट नव्हतं. ज्याची खरी भूक होती तेच ताटात नव्हतं आणि ती फारशी चालली नाही. १९८० मध्ये बेल प्रयोगशाळेची डीएसपी-१ आणि जपानच्या एनईसीची ७७२० अशा दोन चिप एकाच परिषदेत मांडल्या गेल्या. दोन्हींत गुणाकाराला स्वतःची जागा दिलेली होती. मग १९८२ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनं टीएमएस ३२०१० दाखवली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. तिचा गुणाकार एका आज्ञेत उरके, २०० नॅनोसेकंदांत. त्याच १२५ मायक्रोसेकंदांत आता ६२५ आज्ञा बसत होत्या, म्हणजे सुमारे तीनशे गुणाकार-बेरजा. पाचांवरून तीनशेवर! माहिती साठवायला तिच्याजवळ फक्त १४४ शब्दांची मेमरी होती, आणि त्या १४४ मध्ये लोकांनी मोडेम बसवले, आवाजाचे कोडेक बसवले, विजेच्या मोटरांचे नियंत्रक बसवले.

या चिपच्या थोडं आधीच, १९७८ मध्ये, त्याच कंपनीनं मुलांना स्पेलिंग शिकवणारं एक बोलकं खेळणं काढलं होतं, ‘स्पीक अँड स्पेल’. त्यात ध्वनिमुद्रण नव्हतंच. माणसाच्या घशाचं आणि तोंडाचं गणिती प्रतिरूप एका चिपवर होतं आणि मेमरीत फक्त ते प्रतिरूप कसं हलवायचं याच्या सूचना होत्या. या पद्धतीचं नाव लिनिअर प्रेडिक्टिव्ह कोडिंग. जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो यांनी आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत बिष्णू अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या वेगवेगळ्या वाटा पाडल्या होत्या. आवाजाच्या मागच्या काही सॅम्पलवरून पुढचं सॅम्पल बऱ्यापैकी ओळखता येतं. मग सगळा आवाज पाठवायचा कशाला? अंदाज बांधायची रीत पाठवा आणि अंदाज जिथं चुकतो तेवढी चूक पाठवा.

१९८५ मध्ये श्रोडर आणि अटल यांनी हीच कल्पना पुढं नेली. चुकीच्या जागी बसवायला तयार तुकड्यांचा एक कोश करायचा आणि त्यातला कुठला तुकडा कानाला सर्वांत खरा वाटतो ते दर वेळी शोधायचं. सेल्प म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत फार कमी बिटांत उत्तम आवाज देई. मात्र त्याच शोधनिबंधात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, की एक सेकंदाच्या बोलण्यावर काम करायला क्रे-१ या महासंगणकाला १२५ सेकंद लागले. मला हे वाक्य फार धीराचं वाटतं. तेव्हाच्या सर्वांत नावाजलेल्या यंत्रांपैकी एकालाही जे वेळेत जमत नाही, ते टेलिफोनसाठी सुचवायचं! पुढच्या दहा-बारा वर्षांत कोश शोधायच्या चतुर पद्धती निघाल्या, डीएसपी वेगवान झाले आणि सेल्पच्या कुळातले कोडेक खिशातल्या फोनमध्ये चालू लागले. आजही आपल्या फोनवरच्या संभाषणांत या कुळाचा मोठा वाटा आहे.

डीएसपीच्या आतली रचना मला नीट बांधलेल्या घरासारखी वाटते, जिथं रोजच्या वावरातल्या वस्तू हाताच्या अंतरावर असतात. एका गुणाकाराला तीन गोष्टी एकदम लागतात: सॅम्पल, त्याचा गुणक आणि आज्ञा. साध्या प्रोसेसरात तिन्ही एकाच वाटेनं एकामागून एक येतात. डीएसपीत आज्ञांची आणि माहितीची मेमरी वेगळी, वाटा वेगळ्या, त्यामुळं तिन्ही एका ठोक्यात हजर. मागची सॅम्पल साठवायला वर्तुळाकार बफर असतो. नवं सॅम्पल सर्वांत जुन्याच्या जागी बसतं, बाकी कुणी जागचं हलत नाही आणि शेवटाला पोचलेला निर्देशक स्वतःहून पहिल्या घरात येतो. त्याचा हिशेब प्रोग्रामला करावा लागत नाही. एफएफटीत आकड्यांचा क्रम विचित्र रीतीनं उलटापालटा होतो, तर त्या उलटापालटीचे पत्ते काढणारं सर्किटही पुढच्या चिपांत बसवलेलं असतं. एखादी आज्ञामालिका शंभरदा फिरवायची तर मोजणी हार्डवेअर करतं.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी मला सर्वांत आवडते. अधिक-उणे दोन्ही आकडे धरले तर १६ बिटांत बसणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. साध्या प्रोसेसरात त्यात एक मिळवला तर उत्तर येतं उणे ३२,७६८. हिशेबाच्या जगात ही चूक पकडता येईल, पण कानात ती फटाक्यासारखी फुटते. लहर शिखरावरून थेट दरीत कोसळते. डीएसपीत अशी बेरीज ३२,७६७ वरच थांबते. आवाज किंचित चेपला जातो, बिघडतो म्हणा, पण कान वाचतो. बरोबर उत्तर देणं शक्यच नसेल तर कमीत कमी त्रास देणारं उत्तर द्यायचं, हे चिपच्या सिलिकॉनमध्येच कोरलेलं आहे.

असेंब्लीत, म्हणजे चिपच्या थेट आज्ञांच्या भाषेत, फिल्टर लिहायची पाळी माझ्यावर आली तेव्हा तक्ते भरून प्रत्येक आज्ञेचे ठोके मोजायचे आणि पुढचं सॅम्पल यायला किती ठोके शिल्लक राहतात ते पेन्सिलीनं लिहायचं, असा आमचा रिवाज होता. सरासरी वेगाला तिथं काही किंमत नव्हती. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा झटपट आणि एकदा उशीर, हा कारभार चालायचा नाही. सर्वांत वाईट वेळीसुद्धा किती लागेल एवढंच विचारलं जायचं. म्हणून तर जुने डीएसपी अभियंते कॅशवर, म्हणजे नुकती लागलेली माहिती हाताशी ठेवणाऱ्या छोट्या वेगवान मेमरीवर, विश्वास ठेवत नाहीत. ती कधी वेळ वाचवेल आणि कधी दगा देईल हे आधी सांगता येत नाही. मायक्रोफोनपुढं बोलावं, तो आवाज आपण लिहिलेल्या गुणकांतून जाऊन हेडफोनमध्ये यावा, आणि गुणक बदलताच तोच आवाज कधी मऊ, कधी धारदार व्हावा. त्या अनुभवाचं वेड ज्याला लागलं त्याचं ते सुटत नाही.

फिल्टरचे गुणक आधीपासून ठरवून देता आले नाहीत तर? बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ, जे पुढं पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या घडणीत होते, यांनी १९६० मध्ये त्यावर एक विलक्षण साधं उत्तर प्रसिद्ध केलं. उत्तर किती चुकलं ते पाहा आणि प्रत्येक गुणकाला ती चूक कमी होईल अशा दिशेनं किंचित ढकला. प्रत्येक सॅम्पलला एकदा. बस्स, एवढंच. उपग्रहावरून बोलताना आपलाच आवाज अर्ध्या सेकंदानं परत ऐकू यायचा, तो प्रतिध्वनी पुसणारी यंत्रं अशाच जुळवून घेणाऱ्या फिल्टरांवर चालली.

१९७५ मध्ये विड्रो आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला एक प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा आहे. गर्भातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके आईच्या पोटावर लावलेल्या इलेक्ट्रोडमध्ये येतात खरे, पण आईच्या हृदयाचा संकेत इतका मोठा असतो, की बाळाचा त्यात बुडून जातो. दोघांच्या वारंवारिता एकमेकींत मिसळलेल्या, त्यामुळं नेहमीचा फिल्टर निरुपयोगी. त्यांनी आईच्या छातीवर वेगळे इलेक्ट्रोड लावले. तिथं जवळपास फक्त आईचे ठोके. मग जुळवून घेणाऱ्या फिल्टरला एकच काम दिलं: छातीवरच्या संकेतावरून पोटावरच्या आईच्या ठोक्यांचं रूप ओळख आणि वजा कर. उरलं ते बाळाचं हृदय. त्या शोधनिबंधातल्या आलेखात आधीची ओळ आणि नंतरची ओळ एकाखाली एक छापलेल्या आहेत. नंतरच्या ओळीत छोटे, भरभर, नियमित ठोके आहेत. आईचे ठोके हा नॉइज होता, केवळ त्या क्षणी आपल्याला बाळाचं ऐकायचं होतं म्हणून. काय नॉइज आणि काय संकेत हे लहरीत लिहिलेलं नसतं. ते ऐकणारा ठरवतो.

श्रवणयंत्रांत या गोष्टीचा रोज अनुभव येतो. संपूर्ण डिजिटल, कानात बसणारी श्रवणयंत्रं १९९६ च्या सुमारास बाजारात आली. आधीची यंत्रं प्रामुख्यानं आवाज मोठा करायची, आणि त्यात कुजबुजीबरोबर दार आपटल्याचा आवाजही वाढायचा. म्हातारपणी ऐकू कमी येतं तेव्हा सगळं सारखं कमी होत नाही. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, ‘स’ आणि ‘फ’ पुसट होतात, माणूस म्हणतो की बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही. डिजिटल यंत्र आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळी वाढ देतं, हळू आवाजाला जास्त, मोठ्याला कमी. हे सारं साधारण एक-दोन मिलिवॉटमध्ये. आणि इथंही वेळेची अट आहे, अगदी कडक. कानात थेट शिरणारा आवाज आणि यंत्रातून येणारा आवाज यांत दहाएक मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं तर माणसाला स्वतःचंच बोलणं पोकळ वाटायला लागतं.

माझ्या मावशीनं असं यंत्र लावलं तेव्हा पहिले काही दिवस ती वैतागली होती. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी केवढा आवाज होतो, म्हणायची. पानांचा तो आवाज ती कित्येक वर्षं विसरून गेली होती आणि मेंदूला तो पुन्हा बाजूला टाकायला शिकावं लागत होतं. काही आठवड्यांनी तक्रार थांबली. आम्ही सगळे एकदम बोलत असताना तिनं मध्येच माझं वाक्य दुरुस्त केलं, तेव्हा मला कळलं की आता तिला ऐकू येतंय आणि कळतंयही. यंत्रानं अर्धं काम केलं होतं, उरलेलं तिच्या मेंदूनं. आतल्या कानात इलेक्ट्रोड बसवून थेट मज्जातंतूला संकेत देणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये मेंदूचा वाटा त्याहून मोठा असतो. आतल्या कानात सुमारे ३,५०० केशपेशींच्या रांगेचं काम तिथं वीसेक इलेक्ट्रोडना करावं लागतं. १९९१ मध्ये ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी ते इलेक्ट्रोड एकाच वेळी न चालवता झटपट एकामागून एक चालवायची पद्धत मांडली, म्हणजे शेजारच्यांचे विद्युतप्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. तेवढ्या बदलानं बोलणं समजण्यात मोठी झेप पडली. इलेक्ट्रोड वाढले नव्हते, प्रोसेसर त्यांना काय आणि कधी सांगतो ते बदललं होतं.

बाकीचा विस्तार आता इतका आहे, की यादी करण्यात अर्थ नाही. वायफायच्या एका जुन्या पण अजून जिवंत मानकात दर ४ मायक्रोसेकंदांना ६४ बिंदूंचा एक एफएफटी होतो, सेकंदाला अडीच लाख. गाउसच्या वहीतली ती युक्ती. विजेरी मोटारीच्या चाकामागचा प्रोसेसर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह मोजतो आणि त्याला चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत फिरवून पाहतो. उपग्रहावरून येणारा जीपीएसचा संकेत पार्श्वभूमीच्या गोंगाटाहूनही क्षीण असतो, तरी १,०२३ ठोक्यांच्या ओळखीच्या साच्याशी जुळवत गेलं की तो वर येतो. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या शोधकांनी गुरुत्वलहर टिपली ती जेमतेम एक-पंचमांश सेकंदाची. तिचं मोजमाप आणि खातरजमा करण्यात असंच साचे जुळवणं होतं. एवढ्या मोठ्या आणि एवढ्या दूरच्या गोष्टी, आणि तळाशी तेच: गुणा आणि मिळवा.

म्हणूनच वेगळी डीएसपी चिप दिसेनाशी होत चाललीय याचं मला वाईट वाटत नाही. तिचे गुण इतर सगळ्यांनी घेतले. २०१० पासून अगदी छोट्या मायक्रोकंट्रोलरांतही एका ठोक्यात गुणाकार-बेरीज करणाऱ्या आज्ञा आल्या. फोनच्या एकाच चिपवर मोडेमचा डीएसपी, आवाजाचा डीएसपी, कॅमेऱ्याचा प्रोसेसर असे शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यातला एक चिमुकला रात्रभर जागा राहून फक्त हाक मारली का तेवढं ऐकतो. न्यूरल नेटवर्कसाठी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्यांसाठी, बनवलेल्या चिपा उघडून पाहिल्या तर त्यांच्या मध्यभागी पुन्हा तेच सर्किट. गूगलच्या टीपीयू या अशाच चिपच्या पहिल्या आवृत्तीत ते ६५,५३६ वेळा मांडलेलं होतं, १९८२ च्या त्या चिपेत एकदा. प्रतिमा ओळखणाऱ्या जाळ्यातलं कन्व्होल्यूशन म्हणजे दोन दिशांना पसरलेला फिल्टरच, आणि ही जाळी शिकतात ती चूक पाहून गुणकांना किंचित ढकलत, विड्रो-हॉफच्या रस्त्यानंच.

एक गोष्ट मात्र बदललीय आणि तिच्याकडे या क्षेत्रातल्यांनी लक्ष द्यावं असं मला कळकळीनं वाटतं. जुन्या फिल्टरचे गुणक कुणीतरी माणूस ठरवत होता आणि कुठली वारंवारिता का कापली हे तो सांगू शकत होता. आता गोंगाट कमी करणारं जाळं हजारो तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून शिकतं. निकाल थक्क करणारे असतात. पंखा, रहदारी, कीबोर्ड, सगळं गायब होतं आणि बोलणं स्वच्छ उरतं. पण त्याच्या शिकवणीत जे ‘बोलणं’ म्हणून आलं नाही ते त्याच्या लेखी गोंगाट. ऑनलाइन बासरी शिकवणाऱ्यांना विचारा. लांब धरलेला स्वर दोन-तीन सेकंदांत विरायला लागतो, कारण इतका एकसारखा चालणारा आवाज त्या यंत्राच्या मते पंख्याचा असतो. बोलण्यात अडचण असलेल्या माणसाचे तुटक उच्चार, शेजारच्या खोलीतलं मुलाचं रडणं, हसता हसता घेतलेला श्वास, हे सगळं त्या सीमारेषेवर उभं आहे.

अशी जाळी आता श्रवणयंत्रांतही आली आहेत आणि त्या कडक दहा मिलिसेकंदांत बसतात, हे अभियांत्रिकीचं फार मोठं यश आहे. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण काय गाळायचं याची कळ बहुतेक उपकरणांत दोन-तीन मेनूंच्या आत दडवलेली असते, कधी नसतेच. ती बाहेर, बोटाला लागेल अशी हवी. कमी गाळ, जास्त गाळ, संगीत चालू आहे, सध्या काहीच गाळू नकोस, एवढ्या चार पायऱ्यासुद्धा पुष्कळ झाल्या. त्यासाठी नवं गणित लागत नाही. गुणक बदलायला प्रोसेसरला एक सॅम्पल पुरतं.